शेवटची पोर पुढच्या शिटावर

आमच्या खो-खोच्या मैदानाला सुरुवातीला एकच खांब होता. दुसऱ्या खांबाच्या जागी आप्पा उभे राहायचे. थट्टा करत नाही. दुसरा, वाळवीनं पोखरलेला खांब एका पोरीच्या धडकेनं मोडला, नव्या खांबासाठी आम्ही ग्रामपंचायतीत अर्ज दिला, आणि अर्ज दिल्यावर तिथं जे होतं ते झालं, म्हणजे काहीच झालं नाही. मग तोवर खेळ कशाला बंद ठेवायचा म्हणून हा उंचापुरा माणूस पाय जुळवून, हात अंगाला चिकटवून रोज संध्याकाळी फक्कीच्या रेषेवर उभा राहू लागला. पोरी पळत यायच्या, त्यांच्या दंडाला धरून गर्रकन वळायच्या आणि पुढं जायच्या. एखादी जोरात आदळली आणि आप्पा जागचे हलले, तर तेच म्हणायचे, "खांब हालला, परत घ्या." गावानं त्यांचं नाव खांबआप्पा पाडलं. पुढं लोखंडी खांब आले, तरी नाव काही गेलं नाही.

आप्पा मेंढरांच्या घरातले. त्यांचे वडील दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरून कोकणात जायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. धाकटा भाऊ अजूनही मेंढरं राखतो. आप्पांनी मात्र तरुणपणीच काठी सोडून स्टेअरिंग धरलं. एक जुना पिकअप घेतला. पहाटे गावातल्या शेतकऱ्यांचे टोमॅटोचे क्रेट आणि मेथी-कोथिंबीर वारूळवाडीवरून नारायणगावच्या मार्केटला पोचवायची, दुपारी झोप काढायची आणि संध्याकाळी मोकळे. बायको फार पूर्वी गेली, मुलगी लग्न होऊन सासरी. अशा मोकळ्या माणसाला आमच्या शाळेनं एकदा मुलींची टीम स्पर्धेला न्यायचं भाडं सांगितलं. पोरी पहिल्याच मॅचला हरल्या आणि येताना हौद्यात बसून सगळा रस्ता रडल्या. दुसऱ्या दिवशी आप्पा शाळेत हजर. "मास्तर, ह्यांना कुनी शिकवत न्हाई का?" शिकवणारं कुणी नव्हतंच. मग ज्या माणसानं आयुष्यात कधी खो दिला नव्हता, त्यानं क्लब काढला. नियमांचं पुस्तक आणलं आणि ते पोरींकडूनच मोठ्यानं वाचून घेतलं.

मी या क्लबाचा सेक्रेटरी कसा झालो, तर मैदानाच्या कडेला माझं खता-औषधांचं दुकान आहे, दुकानात कॉम्प्युटर आहे आणि माझं तोंड वाईट आहे. सरकारी ऑफिसात जायला असंच तोंड लागतं, असं आप्पांचं मत. शिवाय माझी मुलगीही तेव्हा खेळायची. मी त्यांच्यापेक्षा वयानं कितीतरी लहान, तरी ते मला 'शेकेटरी' म्हणून अहो-जाहो करायचे. मी कशावरून तरी भडकलो की ते नुसते बघत राहायचे, आणि मी बोलून दमलो की विचारायचे, "झालं? आता च्या सांगा." त्यानंतर परत भडकायची सोयच राहायची नाही. माझी बायको म्हणायची, आप्पांना आपल्या घरीच राहायला आणा.

त्यांची शिकवण्याची तऱ्हा पुस्तकात सापडणार नाही. पळणाऱ्या गड्याचं तोंड बघायचं नाही, असा त्यांचा पहिला धडा. "त्वांड बघू नगं, खांदा बघ. मेंढरू मान इकडं करतं, पन जायचं आसंल तिकडंच खांदा टाकतं." मारणं, ओरडणं हा प्रकार नव्हता. जी पोर मैदानावर दुसरीला टाकून बोलली, तिनं त्या दिवशी सगळ्यांना पाणी वाटायचं, एवढीच शिक्षा. आणि पाणी वाटता वाटता ती ज्या पोरीला बोललेली असायची, तिच्यापुढं तांब्या धरताना दोघींनाही हसू फुटायचं. मी एकदा विचारलं, ही शिक्षा कुठून काढली. तर म्हणाले, "माझी आय द्यायची. आमी दोघं भाऊ लई भांडायचो."

रेश्माला क्लबात आणलं तेही आप्पांनीच. तिची वस्ती सगळ्यात लांब, कॅनॉलच्या पलीकडं, चारी बाजूंनी ऊस. शाळेच्या मैदानावर एकदा पकडापकडी खेळताना तिला पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी हे तिच्या गोठ्यात जाऊन बसले. रेश्माची आई दूध काढत होती. ती मान वर न करता म्हणाली, खेळाला ना नाही, पण येताना अंधार होतो, त्याचं काय. आमच्या भागात हा प्रश्न उगाच कुणी विचारत नाही. बिबट्या ही आमच्याकडं बातमी राहिलेली नाही. उसात तो असतोच. दिवेलागणीला दारातलं कुत्रं उचलतो, शेळी उचलतो, आणि त्याच्या पुढचं आम्ही मोठ्यानं बोलत नाही. आप्पा दूध काढून होईपर्यंत बसून राहिले आणि मग म्हणाले, "वैनी, तुमच्या दारात आनून सोडीन. आन् दार लागल्याबिगर माझी गाडी हालायची न्हाई." त्या एका शब्दावर रेश्मा खेळायला लागली आणि तिच्या मागोमाग आसपासच्या वस्त्यांवरच्या पोरीही आल्या.

तेव्हापासून खेळ संपला की आप्पांचा पिकअप पोरींनी भरायचा. सकाळच्या कोथिंबिरीचा वास अजून हौद्यात असायचा. गावातल्या पोरी आधी उतरायच्या, मग मळ्यातल्या, मग कॅनॉलच्या अलीकडच्या, आणि सगळ्यात शेवटी रेश्मा. पण ती शेवटची राहिली की आप्पा गाडी थांबवून तिला हौद्यातून खाली घ्यायचे आणि पुढं, आपल्या शेजारच्या शिटावर बसवून काच वर करायचे. याला कारण होतं. लहानपणी कळपामागून चालताना ते जे शिकले होते ते हेच. "बिबट्या मदलं न्हेत न्हाई शेकेटरी. मागं ऱ्हायलेलं न्हेतो. म्हनून शेवटचं जितराप आपल्या पायाशी पायजे." वस्तीचा दिवा दिसला की रेश्मा दाराच्या कडीला हात घालायची. त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य, "घर दिसलं म्हंजी घर आलं न्हाई." अगदी ओट्याला चाक लावायचे. आईनं पोर आत घेतली, कडी वाजली, की मग रिव्हर्स. मी त्यांच्याबरोबर कितीदा तरी गेलो आहे. कडी वाजेपर्यंत ते बोलत नसत, आणि वाजली की अर्ध्यावर सोडलेलं वाक्य बरोबर तिथूनच पुढं चालू.

मग मानांकन आलं. वरच्या ऑफिसातून कळवलं की ज्या क्लबात अठराच्या आतली मुलं खेळतात, त्यांची तपासणी होणार. शिकवणारा प्रशिक्षित आहे का, प्रथमोपचाराची पेटी आहे का, मुलींना कपडे बदलायला जागा आहे का, मुलं सुरक्षित आहेत का, हे सगळं बघून क्लबाला दर्जा देणार. ज्यांना दर्जा नाही त्यांची टीम जिल्ह्याला घेणार नाहीत, आणि पुण्याच्या खेळाडूंच्या वसतिगृहासाठी जी निवड चाचणी होते, तिथंही त्या क्लबाची पोर उभी करता येणार नाही. हे शेवटचं मी दोनदा वाचलं. रेश्मा तेव्हा नववीत होती. ती चाचणीला उभी राहिली तर निवडली जाणार, हे आमच्याविरुद्ध हरलेल्या टीमसुद्धा सांगत होत्या. तिच्या थोरल्या बहिणीची शाळा दहावीला सुटली होती. आईनं स्वच्छ सांगितलं होतं, वसतिगृह मिळालं तर पोर शिकंल, न्हाई तर बघू. ते 'बघू' म्हणजे काय, हे आमच्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आप्पा मात्र खूश. त्यांना वाटलं, इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, आता कुणीतरी बघायला येतंय. त्यांनी कंबरच कसली. प्रशिक्षणाला गेले, तिथं निम्म्या वयाच्या पोरांत मांडी घालून बसले आणि प्रमाणपत्र घेऊन आले. कपडे बदलायला पत्र्याची खोली उभी केली, आतून कडी, बाहेर नळ. खोलीला रंग गुलाबी दिला म्हणून पोरी हसल्या, तर म्हणाले, "दुकानात त्योच उरला व्हता." पेटीत मलम-पट्ट्या मी भरल्या. ऑफिसवाल्यांना मी रोज शिव्या घालायचो की आयुष्यात ज्यांनी मैदान पाहिलं नाही ते आम्हाला दर्जा देणार. आप्पा मला दटावायचे. पोरींच्या भल्याचंच मागतात ना, मग तुम्हाला का झोंबतंय, असं त्यांचं म्हणणं.

पाहणीला एक बाई आल्या. मी भांडायच्या तयारीनं बसलो होतो, पण बाई भांडण्याजोग्या नव्हत्या. पायात बूट, उन्हानं रापलेला चेहरा, स्वतः खेळलेल्या. चहा घ्यायच्या आधी त्यांनी मुलींची मुतारी पाहिली, आणि ते मला आवडलं. गुलाबी खोलीची कडी स्वतः लावून बघितली. पोरींशी एकेकीशी बोलल्या. सगळं छान चाललं होतं. पालकांनाही बोलावलं होतं, रेश्माची आई डोक्यावर पदर घेऊन पुढंच बसली होती. मग बाईंनी सहज विचारलं की मुली घरी कशा जातात.

आप्पा उठून उभे राहिले. या प्रश्नाची ते सकाळपासून वाट बघत होते. "त्याची काळजीच न्हाई म्याडम. एकेकीला दारात सोडतो. शेवटची पोर राहती, तिला मागं ठेवतच न्हाई. पुढं माझ्याजवळ घेतो."

"शेवटची एकटीच असते?"

"एकटीच."

"गाडीत दुसरं मोठं माणूस?"

"मी हाय की."

मी खोकलो. कुणाचं लक्ष नव्हतं. बाईंनी पेन खाली ठेवलं, तर आमच्या लोकांना वाटलं आप्पांचं काम बाईंना नीट कळलेलं नाही, आणि ते मदतीला धावले. रेश्माची आई म्हणाली, पोर गाडीत झोपली तर आप्पा उचलून आत आणून देतात, सख्खा बाप एवढं जपणार नाही. दुसरीनं सांगितलं, मागच्या पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं तेव्हा पोरी आप्पांच्याच घरी झोपल्या, आम्हाला काही घोर नव्हता. तिसरीनं खांबाची गोष्ट काढली, पोरी त्यांना धरून कशा वळायच्या ते उठून करून दाखवलं, आणि सगळे हसले. एकेक वाक्य खरं होतं. एकेक वाक्य अभिमानानं सांगितलं जात होतं, आणि प्रत्येक वाक्यागणिक आम्ही खाली खाली चाललो होतो. मी मधे पडून विषय बदलायला गेलो, तर आप्पाच म्हणाले, "बोलू द्या की वो त्यांना."

बाईंनी मला बाजूला घेतलं. मुलीबरोबर गाडीत एकटा पुरुष, हे कुठल्याच क्लबात चालणार नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. माझं डोकं फिरलं. म्हणालो, तुम्हाला आप्पा माहीत नाहीत. त्यावर त्या म्हणाल्या, "नसणारच. हा नियम तुमच्या आप्पांसाठी नाहीये. त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या माणसासाठी आहे. तोही मुलींना घरी सोडतो, आणि त्याच्यावरही सगळ्या गावाचा विश्वास असतो." माझी मुलगी पुण्यात क्लासला जाते. तिथला कुणी सर तिला रोज एकटीला गाडीतून सोडतो असं कळलं असतं, तर मी त्याच रात्री पुणं गाठलं असतं. बाई बरोबर होत्या. आप्पाही बरोबर होते. मग चुकलं कुणाचं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

बाईंनी मुदत दिली. गाडीत एक बाईमाणूस बरोबर ठेवा, नाहीतर क्लबानं मुलींना सोडूच नये, पालकांनी न्यावं. दोन्हीपैकी काहीही करा, दर्जा मिळेल.

संध्याकाळी आप्पांनी विचारलं, बाई नाराज का झाल्या. आम्ही पिकअपमध्ये बसलो होतो, मैदान रिकामं होतं, समोर खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आभाळाकडं तोंड करून उभ्या होत्या. मी आधी गाडीच्या इन्शुरन्सवर ढकलायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "खरं सांगा." मग मी सांगितलं. कसं सांगितलं ते मला आता आठवतही नाही, इतकं ते आडून आडून सांगितलं. आप्पांना पहिल्यांदा समजलंच नाही. मी आणखी थोडं सांगितलं. मग समजलं. ते शेजारच्या शिटाकडं बघत राहिले, ज्यावर मी बसलो होतो. म्हणाले, "म्हंजी आसं बी मानसं करत्यात." मी म्हणालो, करतात. ते म्हणाले, "मग त्या बाईचं बराबर हाय." आणि गाडी चालू केली. मला रडू येत होतं आणि राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

पुढचे दिवस आम्ही काय काय केलं नाही. बरोबर यायला बाईमाणूस शोधलं. पण ती वेळ धारा काढायची. डेअरीचा काटा कुणासाठी थांबत नाही, आणि आमच्याकडं त्या वेळेला मोकळी बाई मिळणं म्हणजे गाईनं सुट्टी देणं. माझी बायको आनंदानं जाऊ लागली. थोडे दिवस सगळं सुरळीत झालं, रेश्मा आणि ती पुढच्या शिटावर दाटीनं बसून गाणी म्हणत जायच्या. मग माझी आई न्हाणीघरात पडली, खुबा मोडला, आणि बायकोला घर सोडता येईना. मग रस्ता उलटा केला. सगळ्या पोरींना घेऊन आधी रेश्माला सोडायचं, मग परत फिरत बाकीच्यांना, म्हणजे शेवटी गावातल्या पोरी एकदमच उतरतील. तर गावातल्या आया उशीर झाला म्हणून रस्त्यावर येऊन उभ्या राहायच्या, काखेत लहान मूल, बाजूला ऊस, आणि आप्पाच त्यांना ओरडायचे की घरात जा. खेळ लवकर सुरू करावा तर शाळा सुटत नाही, पहाटे घ्यावा तर तोच अंधार. रेश्माच्या बापाला म्हटलं, तुम्ही न्यायला या. तो रात्रपाळीला चाकणला. मी दुकान सोडून यायला तयार होतो, पण मी पुरुष, मी चालत नव्हतो.

आणि मग आप्पांनी ते केलं. मला न विचारता. रेश्मा एकटी राहिली की तिला पुढं घेणं त्यांनी बंद केलं. ती मागं हौद्यात, हे पुढं केबिनमध्ये, मधे काच. एकटा पुरुष मुलीजवळ बसलेला नको ना, मग असं. ज्या माणसानं आयुष्यभर शेवटचं जनावर पायाशी ठेवलं, तो उसातल्या रस्त्यानं, दिवस बुडताना, शेवटची पोर उघड्या हौद्यात बसवून निघाला. वाटभर हाका मारायचे, "रेश्मे, हायस का?" आणि ती म्हणायची, "हाय आप्पा." कॅनॉलच्या वळणावर एका संध्याकाळी तिच्याकडून उत्तर आलं नाही. परत हाक मारली, तरी नाही. आप्पांनी गाडी मधेच थांबवली, दार उघडून खाली उतरताना पडले, गुडघे फुटले, तसेच मागं धावले. पोर कोपऱ्यात बसली होती. गार वाऱ्यानं ओढणी कानाभोवती गच्च गुंडाळली होती, तिला हाक ऐकूच आली नव्हती. ती त्यांना बघून घाबरली, कारण आप्पांना रडताना तिनं कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गुलाबी खोलीची किल्ली त्यांनी माझ्या काउंटरवर ठेवली. मी म्हणालो, चला, भांडू, वर जाऊ, बाईंना फोन लावतो. ते म्हणाले, "कुनाशी भांडताय शेकेटरी? पुढं बशिवली तर त्यांचं खरं, मागं बशिवली तर बिबट्याचं खरं." आणि चहासुद्धा न घेता गेले.

रेश्माची आई दुकानात आली. ती संतापली होती. आम्ही कधी काही म्हणालो का, आमचा विश्वास आहे, लिहून हवं असेल तर लिहून देते, असं मला सुनावून ती तडक आप्पांच्या घरी गेली. मीही मागोमाग गेलो. आप्पा ओट्यावर बसले होते. तिचं सगळं ऐकून घेतलं आणि खाली बघत म्हणाले, "तुमचा हाय वो वैनी. पन त्या दिसापास्नं पोर शेजारी बसली की मलाच वाटतं, कुनी बघतंय. मग मी बी माझ्याकडं तसंच बघाय लागतो. आसं बघत गाडी चालवता येत न्हाई." ती पदर तोंडाशी धरून उभी राहिली.

दिवाळीनंतर भाऊ कळप घेऊन निघाला, तेव्हा आप्पाही बरोबर निघाले. या वयात. पिकअप विकून टाकला. इकडं शाळेत नवीन आलेल्या मास्तरीणबाईंनी क्लब हातात घेतला. मुलींना न्यायची-आणायची जबाबदारी क्लबाची नाही, असं आम्ही कळवून टाकलं. पाहणीच्या बाई पुन्हा आल्या, सगळं बघितलं आणि आम्हाला दर्जा मिळाला. वस्त्यांवरच्या पोरी तोपर्यंत एकेक करून थांबल्या होत्या. खेळतात त्या गावातल्या. बाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी मला विचारलं, लांबच्या मुली दिसत नाहीत. मी सांगितलं. त्या मैदानाकडं बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "याला माझ्याकडं उत्तर नाही हो." खोटं बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

निवड चाचणीला अजून अवकाश होता. रेश्मा शाळा सुटली की थेट घरी जायची, दार लावून घ्यायची. मला एकच सुचत होतं, की आप्पा परत आले तर काहीतरी मार्ग निघेल. यंदा घाट उतरायच्या ऐवजी निरगुडसरला एका शेतकऱ्याच्या रानात त्यांचा कळप बसवलाय, असं कळलं. आमच्याकडं मोकळ्या रानात खतासाठी मेंढरं बसवतात, तसा. मी जीप काढली. रेश्माची आई म्हणाली, आम्ही पण येतो, पोर झुरतीय. सकाळच्या धारा उरकून दोघी मायलेकी जीपमध्ये बसल्या.

आप्पा बाभळीखाली बसून कोकराला दूध पाजत होते. वाळले होते, पण रंग बरा होता. आम्हाला बघून उठले, माझ्या आईच्या खुब्याची चौकशी केली, भावजयीला चहा ठेवायला सांगितलं. मी क्लबाला दर्जा मिळाल्याचं सांगितलं. ते मनापासून खूश झाले. "बेस झालं. पोरी जिल्ह्याला जातील." मग मी मुद्द्यावर आलो. गाडी दुसरी घेऊ, मास्तरीणबाईंना बरोबर बसवू, आठवड्यातनं दोनच दिवस करू, पण या. मी खूप बोललो. रागावलोसुद्धा. म्हणालो, या पोरीनं काय करायचं ते सांगा आता. ते माझ्याकडं बघत राहिले. माझं बोलून संपलं, तरी या वेळी "झालं?" असं त्यांनी विचारलं नाही. कोकराच्या तोंडाची बाटली तेवढी नीट केली.

निघायची वेळ झाली. रेश्मा इतका वेळ आईच्या मागं उभी होती. ती पुढं आली आणि आप्पांच्या पाया पडायला वाकली. स्पर्धेला निघताना पोरी अशा वाकायच्या आणि आप्पा प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवून एकच शब्द म्हणायचे, "पळ." आता भरदिवस होता. मी होतो, तिची आई होती, आप्पांची भावजय चहाच्या कपबश्या घेऊन उभी होती. आप्पांनी कोकरू खाली सोडलं, एक पाऊल मागं सरकले आणि दोन्ही हात पाठीमागं नेऊन एकमेकांत घट्ट धरले. म्हणाले, "आसू दे पोरी, आसू दे."

रेश्मा वाकलेलीच राहिली. शेवटी तिच्या आईनंच तिच्या डोक्यावर हात ठेवला.